दुसरी पुडी

“ती काही बोलायची नाही,” अम्मा मागून अप्पांना म्हणाली. “पांढरं निघालं तर पांढरं, लाल निघालं तर लाल. हिची आत्या तरी काही बोलली होती का?”

मी त्या दोघांच्या सात-आठ पायऱ्या पुढं होते. मला ऐकू येणार नाही असं तिला वाटलं असेल. किंवा आलं तरी काय बिघडतं, असंही वाटलं असेल. कमी बोलणाऱ्या माणसाला ऐकूही कमी येतं असा आमच्या घरात समज आहे. त्या समजामुळं मला लहानपणापासून पुष्कळ गोष्टी ऐकायला मिळाल्या आहेत.

मी वळून पाहिलं नाही. फुलांची परडी माझ्या हातात होती, ती दुसऱ्या हातात घेतली आणि चढत राहिले. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि दगड आत्ताच तापायला लागले होते. अनवाणी पायांसाठी पायऱ्यांच्या मधोमध पांढऱ्या रंगाचा पट्टा मारलेला आहे, पण तो जागोजागी उडाला आहे. जिथं उडाला आहे तिथं सगळे जण भराभर पाय उचलतात. सगळ्यात पुढं आत्या होती. ती पट्ट्यावरून चालतच नव्हती. तिनं सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. तिचा उपास माझ्यासाठी होता.

चेंगलपट्टूच्या पुढं, हमरस्त्यापासून थोडी आत, एक टेकडी आहे. टेकडीच्या पोटात एकाच खडकातून कोरून काढलेली गुहा. दोन जाड खांब, आत एक गाभारा, गाभाऱ्यात देवी. गावातले लोक पौर्णिमेला येतात. एरवी कोणी नसतं. गुरुक्कळ, म्हणजे तिथले पुजारी, शुक्रवारी मोपेडवरून येतात, कुलूप काढतात, दिवा लावतात, परत जातात. आम्ही मद्रासच्या टोकाला, तांबरमला राहतो. आमच्या घरचं कोणतंही मोठं काम या गुहेत विचारल्याशिवाय होत नाही. त्या दिवशी विचारायचं होतं ते माझ्याबद्दल.

मी सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. कंपनीनं मला दोन वर्षांसाठी पुण्याच्या ऑफिसात बोलावलं होतं. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. मला जायचं होतं. इतकं साधं वाक्य मी घरात म्हटलं नव्हतं. जेवताना मी एवढंच म्हणाले होते, “पुण्याला येतेस का म्हणून विचारलंय.” त्यात माझी इच्छा कुठंच नव्हती. ती त्यांनी ओळखावी अशी माझी अपेक्षा होती. ती त्यांनी ओळखलीही, आणि म्हणूनच आम्ही टेकडी चढत होतो.

“पुण्याला जाऊन तू काय मराठी बोलणार?” अम्मा तेव्हा म्हणाली होती. “हसतील तुला.”

“अप्पा, तुम्ही सांगा,” मी म्हणाले.

अप्पांनी ताकभात कालवला. अप्पा बँकेतून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी मला आयुष्यात कधी मारलं नाही, कधी आवाज चढवला नाही, कधी ‘नाही’ म्हटलं नाही. ते म्हणाले, “मी कोण सांगणार, बाळ? तिला विचारूं.”

आमच्या घरात नाही म्हणायचं काम देवीकडं आहे.

आमचं घराणं मूळचं तंजावरचं. कधी काळी राजाच्या फौजेबरोबर आमचा कोणी पूर्वज दक्षिणेत आला. तो लढणारा नव्हता, फौजेचे कागद लिहिणारा होता. कुलदैवत तुळजापूरची भवानी. तुळजापूर राहिलं हजार कोस मागं. आमच्या घरातली कथा अशी, की तो लेखक मद्रासच्या बाजूला काही कामाला आला असताना तापानं फणफणला आणि या गुहेत येऊन पडला. आता मरणार, आईचं दर्शन नाही, म्हणून रडला. तेव्हा गुहेच्या मागच्या भिंतीचा खडक आतून फुटला आणि भवानी तुळजापूरहून भुयारातून चालत आली. त्याच्या कपाळावर हात ठेवला. म्हणाली, तू येऊ नकोस, मी येते. मागच्या भिंतीत, जमिनीपासून दोन हात उंचीवर, एक चौकोनी भोक आहे. तेच ते भुयाराचं तोंड.

ही कथा आमच्या घराबाहेर कोणालाच माहीत नाही. गुरुक्कळांना तर अजिबात नाही. त्यांची कथा वेगळी आहे. त्यांच्या कथेत पल्लव राजाचा एक पाथरवट आहे. देवीनं स्वप्नात येऊन त्याला सांगितलं, की डोळे कोरशील तेव्हा माझ्याकडं बघू नकोस. त्यानं बघितलं. त्याचे हात तिथंच लुळे पडले आणि देवीचे डोळे राहून गेले. खरोखरच मूर्तीला डोळे नाहीत. नाक आहे, ओठ आहेत, ओठांवर हसू आहे, आणि डोळ्यांच्या जागी नुसता सपाट दगड. शुक्रवारी गुरुक्कळ त्यावर चांदीचे डोळे चिकटवतात.

खाली पायथ्याशी सरकारचा निळा फलक आहे. त्यावर तमिळमध्ये आणि इंग्रजीत लिहिलं आहे, की खडकात भेग निघाल्यामुळं काम अर्धवट सोडलं असावं, आणि भिंतीतली खोबण बहुधा लाकडी तुळई बसवण्यासाठी असावी. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळं घरात तो फलक सगळ्यांत आधी मी वाचला. कोणाला सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? आजोबा म्हणाले असते, फलक कालचा, देवी आधीची.

आता विचारायची रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे.

दोन विड्याची पानं घ्यायची. एकात पांढरी तगर, दुसऱ्यात लाल कण्हेर. पांढरं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. बाकीच्या लोकांत हे उलटंही असतं म्हणे, पण आमच्यात असंच. पुड्या बांधायच्या घरातल्या थोरल्या पुरुषानं, सगळ्यांकडं पाठ करून, केळीच्या सोपटानं. त्या देवीच्या पायाशी ठेवायच्या. प्रश्न मनात म्हणायचा. मग घरातल्या कन्येनं, म्हणजे लग्न न झालेल्या मुलीनं, एक उचलायची; जिचा प्रश्न असेल तिनं मात्र नाही. ती उघडायची. दुसरी मात्र उघडायची नाही. ती तशीच भिंतीतल्या भोकात टाकायची, ती तुळजापूरला जाते. देवीनं जे सांगितलं नाही ते बघू नये, असं आजोबा म्हणत. बघितलं तर ती पुन्हा कधी बोलत नाही.

मी नऊ वर्षांची असताना आमच्या घरची कन्या मी होते, आणि प्रश्न आत्याचा होता.

आत्या तेव्हा एकतीस वर्षांची होती. तांबरमच्या एका शाळेत गणित शिकवायची. तिच्या शाळेत भूगोल शिकवणारे एक सर होते, तमिळ, आमच्या जातीचे नव्हेत. त्यांना आणि आत्याला लग्न करायचं होतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण आम्ही तेव्हा आजोबांच्या घरी, शहरात तिरुवल्लिकेणीत राहत होतो, दोन खोल्यांत सहा माणसं, आणि मी कमी बोलत होते. आजोबा आत्याला रागावले नाहीत. आमच्यात रागावत नाहीत. ते म्हणाले, “मला काय अडचण आहे? आईला विचारूं. ती हो म्हणाली तर मी स्वतः त्यांच्या घरी पान-सुपारी घेऊन जाईन.”

आत्या आनंदानं तयार झाली. हे मला आठवतं आणि अजून सहन होत नाही. ती गणित शिकवायची, तिला वाटलं असेल की दोनांत एक म्हणजे निम्मी संधी. बसमध्ये तिनं मला मांडीवर घेतलं. मी मांडीवर बसायच्या वयाची राहिले नव्हते. तिनं मोहरीच्या रंगाची साडी नेसली होती. सगळा रस्ता तिनं माझा उजवा हात धरून ठेवला होता. एकदा वाकून माझ्या कानात म्हणाली, “नीट उचल हं.”

नीट म्हणजे कसं, ते मला कळलं नाही. आजोबांनी पाठ करून पुड्या बांधल्या, देवीच्या पायाशी ठेवल्या. मी दोन्हीकडं पाहिलं. उजवीकडची पुडी जरा जाड होती. तीत जास्त फुलं असतील, जास्त म्हणजे चांगलं, असा विचार करून मी ती उचलली.

लाल.

आत्यानं ते फूल हातात घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाली, “सरी.” तमिळमध्ये सरी म्हणजे ठीक आहे. आम्ही घरात मराठीच बोलतो, पण ठीक आहे असं म्हणायची वेळ आली की तमिळमध्ये म्हणतो. मग आजोबांनी दुसरी पुडी भोकात टाकली आणि सगळे बाहेर सावलीत चिंचेचा भात खायला बसले. आत्यानं मला स्वतःच्या वाट्यातले शेंगदाणे वेचून दिले.

मला भुयार बघायचं होतं. हात धुते म्हणून मी उठले आणि आत गेले. आत वटवाघळांचा वास येत होता. मी त्या भोकात हात घातला. वाटलं होतं थंड वारा लागेल, लांबवर कुठं घंटा ऐकू येईल. हात कोपरापर्यंत गेला आणि दगड लागला. सगळीकडून चाचपून पाहिलं. खाली, डावीकडं, वर. दगडच. तुळजापूर माझ्या कोपराइतकं लांब होतं.

आणि बोटांना ती पुडी लागली. तिच्याखाली आणखी किती तरी वाळलेल्या पानांचा चुरा होता. मी पुडी बाहेर काढली. सोपट सोडलं.

आत लाल कण्हेर होती.

मी नऊ वर्षांची होते. मला काय वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं, देवीनं दोनदा नाही म्हटलं. म्हणजे तिला फारच पक्कं नाही म्हणायचं असणार. मी पुडी पुन्हा होती तशी बांधली, आत ढकलली आणि बाहेर येऊन आत्याशेजारी बसले. बघू नये ते बघितलं म्हणून देवी आता माझ्याशी कधी बोलणार नाही, एवढीच मला भीती होती.

खरं काय ते कळायला मला चौदा वर्षांची व्हावं लागलं. तेही देवळात नाही, शाळेत. वर्गात लॉटरीच्या चिठ्ठ्या टाकायच्या होत्या आणि एका मुलीनं सगळ्या चिठ्ठ्यांवर स्वतःचंच नाव लिहिलं होतं. सगळा वर्ग हसत होता. मी उठून बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धरलं.

त्या दिवशी घरी जाऊन मी आत्याला सांगायला हवं होतं. मला कारणं देता येतील. आजोबा तेव्हा जिवंत होते. भूगोलाच्या सरांचं तोवर लग्न झालं होतं, त्यांना एक मुलगी होती. सांगून काही परत येणार नव्हतं. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि त्यातल्या एकाही कारणामुळं मी गप्प राहिले नाही. मी गप्प राहिले कारण मला गप्प राहता येत होतं. काही माणसांना गाता येतं, तसं.

आणि आत्या? आत्यानं देवीचा निर्णय मानला. नुसता मानला नाही, त्यावर सगळं आयुष्य बांधलं. पुढं आलेली दोन-तीन स्थळं तिनं स्वतःच नको म्हटली. आम्ही तांबरमला राहायला आलो तेव्हा तीही आमच्याबरोबर आली. दर वर्षी त्याच तिथीला ती गुहेत दिवा लावायला जायची आणि म्हणायची, “मला कशातून वाचवलंन ते तिलाच ठाऊक.” संध्याकाळी ती मला देवनागरी शिकवायची. शाळेत माझी दुसरी भाषा तमिळ होती, मराठी फक्त बोलण्यापुरती. हे जे मी लिहिते आहे ते तिनं गिरवून घेतलेल्या अक्षरांत लिहिते आहे.

एकदा तांबरम स्टेशनच्या फलाटावर ते सर भेटले. मी तेव्हा अकरावीत होते. केस पांढरे झालेले, शेजारी बायको, हातात भाजीची पिशवी. आत्या संकोचली नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून हसत हसत तमिळमध्ये म्हणाली, “हीच ती. माझी पुडी हिनंच उचलली होती.”

सरांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही. ते माझ्या उजव्या हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, “एवढीशी होती तेव्हा.” गाडी आली आणि ते गेले. मी हात ओढणीखाली घेतला. त्यानंतर कोणाला काही द्यायचं असलं, घ्यायचं असलं, की क्षणभर माझा हात अडतो. ऑफिसात एकीनं विचारलंही होतं, दुखतो का म्हणून.

त्या दिवशी आम्ही वर पोचलो तेव्हा गुरुक्कळ आमची वाटच बघत होते. चांदीचे डोळे लावून झाले होते. एक डोळा किंचित तिरका बसला होता.

“या, या,” ते तमिळमध्ये म्हणाले. “आज कोणाचं विचारायचंय? मुलीचं लग्न?”

“मुलीची नोकरी,” अप्पा म्हणाले. “लांब बोलावतायत.”

“आणि पुडी कोण उचलणार? लहान मूल दिसत नाही बरोबर.”

अम्मा हसली. “आमच्या घरची कन्या अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, गुरुक्कळ. ती बघा, उपास धरून आलीय.”

आत्याही हसली. “कन्या तर कन्या,” ती म्हणाली. “गुडघे दुखतात एवढंच.”

मला ते हसणं ऐकवेना. ज्या पुडीमुळं तिचं लग्न झालं नाही, त्या पुडीमुळंच ती आज पुडी उचलायला लायक होती. हे त्या गुहेत कोणालाच विचित्र वाटत नव्हतं. मला एकटीला वाटत होतं, आणि मी तोंड मिटून उभी होते.

अप्पांनी परडी मागितली. मी दिली. ते खांबापलीकडं जाऊन पाठ करून बसले. त्यांच्या मानेवरचे केस अगदी आजोबांसारखे पांढरे झाले आहेत, मला ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मी स्वतःला म्हणत होते, अप्पा तसं करणार नाहीत. अप्पा आजोबा नव्हेत. अप्पांनी मला सायकल शिकवली, कॉलेजच्या परीक्षेच्या वेळी रोज स्टेशनवर सोडायला आले. ज्याला नाही म्हणता येत नाही असा माणूस खोटं कसं बोलेल? हा विचार किती उलटा आहे, ते मला आता लिहिताना दिसतं.

खरं तर मी त्या क्षणी काहीही न विचारता जाऊ शकत होते. सव्वीस वर्षांची आहे. पगार आहे. सोमवारी हो कळवलं असतं तर कोणी मला खांबाला बांधून ठेवलं नसतं. महिनाभर अबोला धरला असता, मग अम्मानं डब्यात लोणचं भरून दिलं असतं. मग मी टेकडी का चढले? कारण पांढरं निघावं अशी मला आशा होती. फलक वाचलेला, भोकात हात घातलेला, दुसरी पुडी उघडून पाहिलेली, तरीसुद्धा. मला देवीची परवानगी हवी होती. त्याची मला जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

अप्पा उठले. दोन पुड्या देवीच्या पायाशी ठेवल्या. गुरुक्कळांनी कापूर लावला.

आत्या पुढं गेली. तिनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. मी तिच्या अगदी मागं उभी होते म्हणून मला ऐकू आलं. ती मंत्र म्हणत नव्हती. ती म्हणत होती, “पांढरं दे आई. पोरीला पांढरं दे. माझ्या हाताला एकदा तरी पांढरं दे.”

तिनं हात पुढं केला. तो डावीकडच्या पुडीवर गेला, मागं आला, उजवीकडच्या पुडीवर गेला, पुन्हा डावीकडं. मला माहीत होतं ती काय करते आहे. कोणती जाड आहे ते ती बघत होती. तिनं डावीकडची उचलली.

अप्पांनी ती तिच्या हातातून घेतली आणि सोपट सोडलं.

लाल.

“तिची इच्छा,” अप्पा हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच पडला होता. तो पडलेला चेहरा मी विसरू शकत नाही, कारण तो खोटा नव्हता. माझ्यासाठी त्यांना वाईट वाटत होतं. अम्मानं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “जाऊ दे गं. इथंच काही तरी चांगलं होईल.”

मी तेव्हाही काही बोलले नाही. माझ्या मनात ठरत होतं, की सोमवारी नको कळवायचं. इतकं सोपं होतं ते. सरी म्हणायचं आणि चिंचेचा भात खायचा.

“ती परडी घे गं,” अम्मा म्हणाली, “खांबापाशी राहिलीय.”

मी परडी घ्यायला गेले. सकाळी पायथ्याशी फुलं मीच घेतली होती. फुलवालीनं तगर एका केळीच्या पानात गुंडाळून, वरून सोपटाची गाठ मारून दिली होती, आणि कण्हेर दुसऱ्या पानात. कण्हेरीचं पान उघडं पडलं होतं, त्यात तीन-चार फुलं उरली होती. तगरीचं पान तसंच होतं. गाठसुद्धा सोडलेली नव्हती. मी बोटानं ती गाठ चाचपली. फुलवालीनं मारलेली दुहेरी गाठ, घट्ट.

मी परडी घेऊन उभी राहिले. मला रागसुद्धा आला नाही. दमल्यासारखं झालं. अप्पांनी निदान एक पांढरं फूल काढून खिशात तरी घालायचं होतं. माझ्यापासून काही लपवायची गरजही त्यांना वाटली नव्हती. मी बघितलं तरी बोलणार नाही, हे त्यांना अम्माइतकंच पक्कं ठाऊक होतं.

तरीसुद्धा मी बोलले नसते. आत्या जिथं उभी होती तिथंच होती. उजवा हात पुढं धरून ती तळव्याकडं बघत होती, फळ्यावर चुकलेलं गणित बघावं तसं.

“माझा हातच वाईट,” ती म्हणाली. “मी यायलाच नको होतं. दुसऱ्या कोणी उचलली असती तर पोरीला पांढरं आलं असतं.”

“असं बोलूं नये,” अप्पा म्हणाले. “तुझा काय दोष?”

“मग कोणाचा?” आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सतरा वर्षांपूर्वी स्वतःच्या वेळी आलं नव्हतं ते.

अप्पा वाकले आणि देवीच्या पायाशी राहिलेली पुडी उचलून मागच्या भिंतीकडं निघाले. चार पावलं होती फक्त. मी ती पावलं बघत होते. एकदा का ती पुडी भोकात गेली की ती तुळजापूरला जाणार होती, आणि आत्या उरलेलं आयुष्य तो हात पदराखाली लपवून काढणार होती, जसा मी माझा काढला. तो कसा लपवायचा ते मला चांगलं माहीत होतं. चहाचा कप घेताना तो कसा अडतो तेही.

आणि हेही माहीत होतं, की बोलले तर तिची देवी जाईल. मला कशातून वाचवलंन ते तिलाच ठाऊक, असं म्हणायला तिच्यापाशी कोणी उरणार नाही. उरेल एक मेलेला बाप, समोरचा भाऊ, आणि सगळं बघून सतरा वर्षं शेजारी बसून भात खाणारी मी. यातलं काय जास्त वाईट ते मला ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

अप्पांचा हात भोकापाशी पोचला.

“अप्पा, ती टाकू नका,” मी म्हणाले. माझा आवाज त्या दगडात फारच मोठा वाटला. गुरुक्कळांनी वळून पाहिलं. मी आत्याचा पुढं धरलेला हात हातात घेतला. “ती पुडी उघडा. आत्या, त्यात लालच आहे. तुझ्या वेळीही दुसरीत लालच होतं. मी तेव्हाच उघडून बघितलं होतं.”